करंजाचा रोग

निरोगी गोष्टींचा मनापासून तिटकारा असलेला एकच माणूस मला आयुष्यात भेटला, आणि तो नेमका औषधांच्या कारखान्यात नोकरीला होता. पिंपरीच्या कॉलनीत ते आमचे शेजारी. कारखान्यात टाक्याच्या टाक्या बुरशी वाढवून इंजेक्शनाचं औषध काढत. दिवसभर बुरशीची सरबराई करून एखाद्याचं मन भरलं असतं, यांचं भरत नसे. झाडाच्या पानांवर, इतकंच काय पानांच्या आतही बुरशा राहतात आणि त्यांतली एखादी जंतूंना मारणारी निघेल, या ध्यासापायी ते चिखली-भोसरीपर्यंत सायकल हाणत आणि गुरंही तोंड लावणार नाहीत अशी पानं पिशवी भरून आणत. आमच्या हिने एकदा पूजेसाठी आंब्याची डहाळी मागितली, तर काळ्या ठिपक्यांनी लडबडलेली डहाळी तिच्या हाती देऊन म्हणाले, "वहिनी, मुद्दाम निवडून आणलीय." माझ्या मेहुणीच्या लग्नातही त्यांनी नवऱ्यामुलाकडे ढुंकून पाहिलं नाही. सगळा वेळ मांडवातल्या केळीच्या खुंटाची विचारपूस चालली होती.

आणि एकदा देव पावला. कॉलनीच्या फाटकाजवळच्या लहानशा करंजाच्या डागाळलेल्या पानातली बुरशी त्यांनी जंतू वाढवलेल्या बशीत ठेवली, तर तिच्याभोवती चंद्राला पडतं तसं स्वच्छ खळं पडलं. तेवढ्या जागेत एकही जंतू जगला नव्हता. पुढे मात्र ती बुरशी नुसतीच वाढली, खळं काही धरेना. साहेब म्हणाले, ताज्या पानांवरून पुन्हा दाखवा, मग टाक्या सोडून हेच काम तुमच्याकडे. झालं. हे रोज संध्याकाळी करंजापुढे उभे राहून डागाळलेली पानं कुरवाळू लागले. कुठलं पान घ्यावं याचा निर्णय होत नव्हता. मुलीसाठी स्थळ बघतानाही त्यांनी एवढा घोळ घातला नव्हता.

कॉलनीच्या म्हाताऱ्या माळ्याला ते बघवेना. शेवटी पानं खुडायला म्हणून ते मला घेऊन निघाले, तर माळी आनंदाने पुढे आला.

"सायेब, झाडापायी तुमचा जीव लई तुटत व्हता. रोगट फांद्या समद्या छाटून जाळल्या, बाकीच्याला मोरचूद-चुन्याचं औषिद मारलं. आता डाग म्हनून ऱ्हायला न्हाई."

मी तोंड उघडणार, तोच त्यांनी माझा हात घट्ट दाबला. मग म्हणाले, "छान केलंत, बाबा. झाड वाचलं." आणि माळ्याला चहाला घरी घेऊन गेले.

त्यानंतर ते त्याच करंजाची हिरवीगार, नितळ पानं नेऊ लागले. मी चिडवलं, तर म्हणाले, "वरची गेली. आत एखादी राहिली असेल." खळं पुन्हा कधी पडलं नाही. निवृत्त होऊन ते गावी गेले आणि तिथेच वारले.

परवा कारखान्यातून परतताना करंजाच्या एका पानावर डाग दिसला. मला इतका आनंद झाला, की ते खुडून मी थेट त्यांच्या दारापर्यंत गेलो. दार तिथे नव्यानेच राहायला आलेल्या अनोळखी बाईंनी उघडलं. काय हवंय, म्हणून त्यांनी विचारलं. पान हातात धरून मी तसाच उभा राहिलो.