नाईकाची हद्दपारी

संस्थानिकांचे तनखे बंद झाले त्या हिवाळ्यात आमचे राजे एका संध्याकाळी माझ्या घरी आले. खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाले, "दप्तरदार, त्यांचं संपलं. आपलं पुन्हा सुरू करायचं का?"

दहा वर्षांत मला त्या नावाने कोणी हाक मारली नव्हती. बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. राजे म्हणजे लोणावळा स्टेशनच्या मालधक्क्यावरचे कारकून. आता पोट सुटलेलं, चष्मा लागलेला. पण ते वाक्य बोलताना त्यांची मान पूर्वीसारखीच ताठ झाली.

काय होतं ते सांगतो. संस्थानं विलीन होऊन चार-पाच वर्षं झाली होती. आम्ही तेव्हा विशी-पंचविशीतले, नोकरीला लागलेले आणि कंटाळलेले. एका रविवारी तुंगार्लीच्या तळ्यामागे फिरायला गेलो असताना कोणीतरी गमतीने म्हणालं, सगळ्यांची राज्यं गेली, आपण एक करू. त्या गमतीचे पुढे नऊ हिवाळे झाले. दिवाळीनंतरच्या रविवारी राज्य सुरू व्हायचं, होळीला मिटायचं. तळ्याच्या बांधापलीकडे पाऊल टाकलं की आपलं खरं नाव घ्यायचं नाही, दरबारी भाषेतच बोलायचं. लिहिलेलं नाटक नव्हतं, बघायला कोणी नव्हतं. गेल्या रविवारी जे घडलं त्याच्यापुढे या रविवारी. आमच्यातलेच काही शत्रू व्हायचे; तह व्हायचे, तह मोडायचे, फितुरी व्हायची. मालधक्क्यावरचे कारकून राजे झाले. वराळ्याचे एक ड्रॉइंग मास्तर तळेगावहून पहिल्या लोकलने यायचे, ते दिवाण. मी आजोबांकडून मोडी शिकलो होतो, म्हणून दप्तर माझ्याकडे आलं. एरवी मी एका आरोग्यधामाच्या ऑफिसात कारकून होतो.

आणि नाईक. तळ्यामागच्या ठाकरवाडीतला माणूस, आमच्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठा. गवत कापायचा, बंगल्यांवर मजुरी करायचा. पहिल्या वर्षी आमचा खेळ बघत खडकावर बसायचा. एकदा त्यानेच सांगितलं, "म्हाराज, तुमचे शत्रू वड्याच्या त्या वगळीत लपल्यात." राजांनी त्याला तिथल्या तिथे हेरांचा नाईक केलं. त्यानंतर आमच्यात त्याच्या तोडीचा कोणी उरला नाही. आम्ही सोंग करायचो, तो खरंच नाईक असायचा. आम्ही सोमवारी बाजारात दिसलो की त्याला "काय रे" म्हणायचो आणि रविवारी "नाईक, तुम्ही" म्हणायचो. तो कशासाठी येतो हे तेव्हा कळलं नाही. आता वाटतं, या "तुम्ही"साठीच येत असावा.

एकदा तो शत्रूच्या हाती सापडला. पाय धरून खाली बसला आणि कळवळून म्हणाला, "थांबा, खेळ न्हाई ह्यो, पाय मोडला." पकडणारे घाबरून पाणी आणायला धावले आणि हा खलिता घेऊन डोंगर उतरून पसार. राजांनी त्याला भर दरबारात शेला दिला. आम्ही हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या. "खेळ न्हाई" या शब्दांवर त्या दिवसापासून कोणाचा विश्वास राहिला नाही.

आठव्या-नवव्या वर्षी खेळ शिळा व्हायला लागला होता. राजांनी हुकूम काढला की राज्य आता आठवडाभर चालेल. मग ऑफिसात चिठ्ठ्या येऊ लागल्या, स्टेशनवर खुणा होऊ लागल्या. तरी रंग भरेना. एक दिवस राजे मला म्हणाले, "नाईक फार डोईजड झालाय." ते खोटं नव्हतं. दरबारात सगळे राजांकडे नाही, नाईकाकडे बघायचे. राजांच्या सांगण्यावरून मी मोडीत एक फितुरीचं पत्र लिहिलं आणि दिवाणांनी ते नाईकाच्या गाठोड्यात टाकलं.

दरबार भरला. पत्र निघालं. नाईक आधी हसला, मग सावरून उभा राहिला. "म्हाराज, मला वाचाया येत न्हाई. मंग लिवलं कसं?"

"दुसऱ्याकडून लिहवून घेतलंत," दिवाण म्हणाले.

सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्यात मोडी लिहिणारा मी एकटा, अक्षर माझं, आणि कोणालाही ते दिसलं नाही. नाईकाने माझ्याकडे एकदा बघितलं. मी बोरूचं टोक तासत होतो. तीन वर्षांची हद्दपारी झाली. राज्यात आणि राज्याबाहेर, कोणी त्याच्याशी बोलायचं नाही, त्याला पाणी द्यायचं नाही, हाकेला ओ द्यायची नाही. त्याने तीन मुजरे केले आणि डोंगराच्या सोंडेवरून चालत गेला. तो दिसेनासा झाल्यावर आम्ही टाळ्या वाजवल्या. इतका रंगलेला रविवार कित्येक महिन्यांत झाला नव्हता.

त्यानंतर तीनेक आठवड्यांनी, एका बुधवारी अकराच्या सुमारास, मी ऑफिसच्या खिडकीशी बसलो होतो. आरोग्यधामाची जीप अंगणात उभी, चालवायचोही मीच, किल्ली माझ्यामागे खिळ्याला. नाईक धावत आला. डोक्याला काही नाही, छाती भात्यासारखी.

"भाऊ, जीप द्या. बायको अडलीया. डोली तळ्यापोतर आणलीया, म्होरं चालवंना."

मी मान वर केली, त्याच्याकडे पाहिलं, आणि तिथे कोणी नसल्यासारखी नजर पुढे नेली. पुन्हा रजिस्टरात लिहू लागलो. मला आठवतं, आपल्याला हे किती छान जमलं असं मला वाटलं होतं.

"भाऊ, खेळ न्हाई ह्यो. आयशप्पत न्हाई."

मी मनात हसलो. मी बोललो तर हुकूम मोडल्याचा गुन्हा माझ्यावर, आणि येत्या रविवारी आरोपी मी. काय डाव टाकलाय, म्हटलं. मी उठलो आणि खिडकीची दारं लावून घेतली. तो काही वेळ बाहेर उभा होता, त्याचा श्वास ऐकू येत होता. मग नव्हता.

त्याने पाय धरले असते, रडला असता, तर मला कळलं असतं, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. ते खोटं आहे. तो रडला असता तर मी मनात "वा" म्हटलं असतं.

दीड-दोन तासांनी त्याला कोळशाचा एक ट्रक मिळाला. संध्याकाळी आमच्या स्वयंपाकाच्या मावशींनी सांगितलं, "ठाकरवाडीची बाई गेली. पोटातलं पोर बी गेलं. वाटंतच." मी हात धुतले आणि राजांच्या क्वार्टरवर गेलो. सगळं सांगितलं. त्यांनी दार लोटून घेतलं. मग म्हणाले, "आत्ता जाऊ नकोस. लोक चिडलेले असतील. चार दिवस जाऊ देत." दिवाणांचंही तेच मत पडलं. चार दिवस गेले, चाळीस गेले. त्या रविवारी कोणी तळ्याकडे गेलं नाही, त्यापुढच्याही नाही. राज्य बुडाल्याचं कोणी जाहीर केलं नाही. वाडीवर आमच्यापैकी कोणीच गेलं नाही.

आणि आता राजे माझ्या घरात बसून म्हणत होते, "त्यालाही बोलवू. मानाने. सरनोबत करू त्याला, सगळ्या फौजेचा."

"मी विचारून येतो," मी म्हटलं.

त्या रविवारी मी वाडीवर गेलो. तो घराच्या कुडाला शेण-माती लिंपत होता. केस पांढरे झाले होते. पुन्हा लग्न केलेलं दिसत नव्हतं. मी म्हणालो, "कसे आहात तुम्ही?"

त्याचा हात थांबला. "आज तुमी म्हनताय. म्हंजी खेळ चालू झाला व्हय?"

मी राजांचं नाव घेतलं. कसाबसा निरोप सांगितला. सरनोबतीचं बोलताना माझी मलाच लाज वाटली. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"तीन वर्सं सांगितलीती," तो म्हणाला. "मी मोजली. तीन सरल्यावर दिवाळीच्या म्होरल्या ऐतवारी खडकावर येऊन बसलो. दीस कलला तरी बसलो व्हतो. हुकूम उठवाया तरी कुनी येतंय का, म्हनलं."

"खेळ तेव्हाच बंद पडला होता."

"मला कुनी सांगितलं? माज्याशी बोलायचं न्हवतं ना कुनी."

मी खाली बसलो. म्हणालो, ते पत्र मी लिहिलं होतं.

"ठावं हाय. तुमच्याबिगर कुनाला येती ती मोडी?"

"आणि त्या बुधवारी..."

"त्ये नगं," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "त्याचं तुमी बोलायचं न्हाई."

तो पुन्हा लिंपायला लागला. मी जायला उठलो. शेवटी विचारलं, राजांना काय सांगू. तो वळला नाही. "तुमचं राज्य, तुमी बगा. मी नगं म्हनलं तर तुमाला बरं वाटंल, आन् व्हय म्हनलं तरी बी बरंच वाटंल. मी कशापायी बोलू?"

राजांच्या घरी बैठक झाली. वराळ्याहून दिवाणही आले. मी उभा राहून सांगितलं की हे पुन्हा सुरू होऊ नये. खिडकीचं सांगितलं, खडकावर वाट बघत बसलेल्या माणसाचं सांगितलं. दिवाण म्हणाले, "झालं ते वाईटच झालं. पण त्यात खेळाचा काय दोष?" राजे माझ्याकडे न बघता म्हणाले, "जीप तुझ्या ताब्यात होती. खिडकी तुझी होती." दोन्ही खरं होतं. पत्र लिहायला कोणी सांगितलं, हे मी बोललो नाही. बोललो असतो तरी खिडकी माझीच राहिली असती.

संक्रांतीनंतर त्यांनी राज्य सुरू केलं. राजांचे पुतणे आले, दिवाणांचे जुने विद्यार्थी आले. दप्तराच्या जुन्या मोडी वह्या मागितल्या, मी देऊन टाकल्या. त्यांच्यातल्या कोणालाच त्या वाचता येत नाहीत. मग एकदा स्टेशनवर राजे भेटले तेव्हा उत्साहाने म्हणाले, "आता एक नियम केलाय. दोन्ही हात वर केले की खेळ थांबला. कोणी खोटे हात वर केले तर कायमचा बाहेर." चांगला नियम आहे, मी म्हटलं. चांगलाच होता. आम्हाला नऊ वर्षांत तो सुचला नव्हता.

त्यांची गाडी आली. ते चढले आणि दारातून हात हलवला. मीही हलवला.