मामाचं मुंडन

हे कुणाला सांगायचं न्हाई असं ठरवून मी सगळ्या टेंभुर्णीला सांगून बसलोय, मग तुम्हीच माझं काय घोडं मारलंय? बसा. चहा येऊन राह्यला. हसा मनसोक्त, फक्त कप सांभाळा.

आमचा भाचा आरुष, पाच वर्षांचा. स्वमग्न आहे, म्हणजे ते ऑटिझम म्हणतात ना, ते. बोलतो थोडं. पण केस कापायच्या मशीनशी त्याचं हाडवैर! लोक म्हणायचे, लाडावलंय पोरगं, चौघांनी धरा अन् कापा. एकदा सलूनमध्ये धरलंबी. त्यानंतर नुसता कंगवा दिसला तरी पोरगं कॉटखाली. नखरे न्हाईत हो ते! आपल्याला जी नुसती घरघर, ती त्याच्या कानात खरंच टोचते. इकडं केस डोळ्यांत जाऊन डोळे लाल झालेले. ताई रडकुंडीला आल्ती.

जालन्याच्या थेरपीवाल्या मॅडम म्हणाल्या, "घाई नको. आधी बंद मशीन नुसतं हातात द्या. काही दिवसांनी कुणा मोठ्याच्या हाताला लावून दाखवा. आधी हे, मग ते, असं चित्रांतून सांगा. तो नको म्हणला की थांबायचं."

काही दिवस थांबायला मी काय संत आहे? रविवारी ताई माहेरी आली, तसा मी अंगणात पाट टाकून बसलोच.

"गजा, मॅडमनी हाताला लाव म्हणलंय. डोक्याला न्हाई," ताई म्हणाली.

"हातावरचे केस कापून कुणाचं भलं झालंय, ताई? दे मशीन त्याच्याजवळ!"

अन् काय सांगू! आरुषनं स्वतः बटण दाबलं. चालू. बंद. चालू. आवाज त्याच्या ताब्यात आला, तशी भीती पळाली. मग त्यानं माझ्या कपाळापासून मानेपर्यंत सरळ एक तास घातला, नांगरानं घालतात तसा. वर म्हणाला, "अजून."

पोरगं आपणहून बोललं! मी गार!

"चालू दे! प्रगती होऊन राह्यली!"

आता, अर्धवट काम आरुषला बिलकुल चालत न्हाई. डोकं साफ झालं. मग मिशी गेली. तो भुवईकडं वळला तेव्हा ताईनं मशीन बंद केलं.

"आता आरुषची पाळी," मी म्हणालो. आरुषनं मशीन डब्यात ठेवलं, झाकण लावलं अन् निघून गेला.

मी तसाच स्टँडवर दूध आणायला. आता, आपल्याकडं तरण्या माणसाचं डोकं अन् मिशी एकदम गेली तर त्याचा अर्थ काय? बाप गेला! शेंबड्या पोरालाबी ठाऊक. मला तेवढं त्या घडीला आठवलं न्हाई.

चहावाल्यानं खांद्यावर हात ठेवला. "तुझे अण्णा तर परवा चांगले व्हते रे!"

"आत्ताबी चांगलेच आहेत की!"

"हो रे बाबा. बस. पाणी पी." मग शेजाऱ्याला हळूच, "धक्का बसलाय पोराला."

"अहो, हे भाच्यानं केलं!"

"भाच्यानं? मंग अग्नी कुणी दिला?"

मी घरी पोचेपर्यंत बातमी अंबडला आत्याकडं पोचली. दुपारी आत्या जीपमधून उतरली ती हंबरडा फोडतच. "दादा रेऽऽ! मला न भेटता गेलास!" मागं चार बाया, त्यांचा सूर वेगळा. आणि दादा, म्हणजे आमचे अण्णा, ओट्यावर दुधात भाकर कुस्करत बसलेले. पण आत्याचं तोंड पदरात, तिला दिसतंय कुठं? तिकडं आरुष कान दाबून कोपऱ्यात थरथरायला लागला.

अण्णांनी दुधाचा हात वर केला. "ए बाई! मेलो असलो तरी हळू रड. पोराला आवाज सहन व्हत न्हाई."

सगळं चिडीचूप! आत्यानं पदर काढला, भावाला बघितलं, अन् जी माझ्यावर घसरली ती दिवेलागणीपर्यंत. पण कुजबुजत हां! हळू आवाजातल्या शिव्या जास्त लागतात, अनुभवानं सांगतो.

मॅडम फोनवर आधी पोटभर हसल्या. मग म्हणाल्या, आता तरी सावकाश घ्या. ताईनं सावकाश घेतलं. कधी बंद मशीन, कधी चालू, कधी एकच बट. असं करत करत पोराचं कपाळ मोकळं झालं. मी आतल्या खोलीत जाऊन रडलो, खोटं कशाला बोलू?

पण आरुषच्या डोक्यात क्रम पक्का बसला होता. आधी मामा, मग आरुष! ताईनं भिंतीवर लावलेली चित्रंबी तशीच. माझे केस परत वाढले, अन् मामाचा गोटा झाल्याशिवाय तो एका केसाला हात लावू देईना. अन् हे शिकवलं कुणी? मीच! त्यातच माझं लग्न तोंडावर आलं, आणि पोराचे केस पुन्हा डोळ्यांत. ताई नुसती माझ्या डोक्याकडं बघत राह्यली. मी म्हणलं, आण पाट.

तर मुंडावळ्या बांधून, बिनमिशीचा, चकचकीत नवरदेव मांडवात उभा. शेजारी आरुष, बँडचा आवाज नको म्हणून कानावर हेडफोन, केस एकदम टापटीप. सगळ्यात देखणा तोच दिसत होता.

नवरीच्या मामांनी अण्णांना हळूच बाजूला घेतलं. "अण्णा, घरात कुणी गेलं का?"

"कुणी न्हाई," अण्णा म्हणाले. "ह्याची अक्कल गेली म्हणलो असतो, पण ती आल्ती कव्हा?"