स्लॅबखालची गटार

"हात आणखी आत घाल," सर म्हनाले.

मी त्यांच्या दारासमोर फुटपाथवर पोटावर झोपले हुते. उजवा हात खांद्यापर्यंत गटारीत. गाल फरशीला टेकलेला, नाकाखाली काळं पानी. दिवस गनपतीचे. सकाळची वेळ, रस्त्यानं मानसांची ये-जा. सर व्हरांड्यात खुर्ची टाकून पेपर वाचत बसलेले. रिटायर हेडमास्तर. पेपरातनं डोकं वर न काढता म्हनाले, "लागतंय का काही हाताला?"

लागत हुतं. काय लागत हुतं ते सांगत न्हाई.

मी नगरपालिकेची झाडूवाली. तीबी पक्की न्हाई, ठेकेदाराची. अकोले तालुक्याच्या डोंगरातनं लगीन होऊन खाली या तालुक्याच्या गावात आले. भातलावनी सुटली, खराटा हातात आला. सासू हेच करायची. आमच्याच वस्तीतल्या बायांना हे काम मिळतं. दुसरं कोन मागायला येतंय!

गटार काढायला फावडं आसतं. सरांच्या दारात फावडं चालत न्हाई. गाडी आत घ्यायला उतार पायजे म्हनून त्यांनी फुटपाथ आन् गटार दोन्हीवर सिमेंटचा स्लॅब टाकलेला. वर कुंड्या मांडलेल्या. चालनारी मानसं तिथं आली की रस्त्यात उतरत्यात, गाड्यांच्या मधनं जात्यात. आन् खाली गटार तुंबली की मला हाक. फावडं आत जात न्हाई. बांबू वळत न्हाई. मानसाचा हात तेवढा वळतो.

तेवढ्यात सरांची भाची आली, कोल्हारची. हातात फुलांचं ताट. माझे पाय तिच्या वाटेत आडवे. तिनं ओलांडायला पाय उचलला, तशा सरांच्या मिसेस दारातनं ओरडल्या, "अगं अगं, ओलांडू नको तिला!"

माझ्या जिवाला बरं वाटलं. खरं सांगते, आज सांगताना लाज वाटती. आमच्याकडं निजलेल्या मानसाला कोनी ओलांडत न्हाई. चुकून ओलांडलं तर उलटं ओलांडून माघारी जायाचं. मला वाटलं, या घरात एक तरी बाई मला मानूस समजती.

बाई पुढं म्हनाल्या, "सोवळ्यात आहेस ना? पुन्हा अंघोळ करावी लागेल. पलीकडून ये."

भाची रस्त्यात उतरली, लांबनं फिरून आत गेली. सर हसले. आन् मी? मी हात बाहेर काढला न्हाई. गाळ ओढत राहिले. सरांना, बाईंना एक येळ सोडून देईन. त्या दिवशीच्या मला न्हाई सोडत.

पुढच्या खेपेला हाक आली तवा मी गेले न्हाई. स्लॅबपर्यंत झाडलं, खराटा खांद्यावर टाकला आन् पुढच्या दारापासनं झाडायला लागले. सर फाटकात येऊन ओरडत हुते. मागं वळून बघितलं न्हाई.

चार दिवसांनी मुकादमानं हापिसात बोलावलं. सरांनी लेखी तक्रार दिलेली. तक्रार आली की कामगारानं खुलासा द्यायचा आसतो. आमच्यात त्याची पद्धत ठरलेली हाय. मुकादमाच्या कपाटात खुलासे लिहून तयारच आसत्यात. सगळ्यांना एकच मजकूर: माझ्याकडून चूक झाली, पुन्हा असे होणार नाही, माफी असावी. खाली आमचा अंगठा. काय चूक झाली ते कोनी इचारत न्हाई. आमीबी न्हाई.

मी सातवी शिकलेली. हे कोनाला सांगितलं नव्हतं. वाचता येनारी बाई ठेकेदाराला नको आसती. त्या दिवशी मी टेबलावरची तक्रार उचलली आन् वाचली. अक्षर काय सुंदर! "माझ्या घरासमोर मी स्वखर्चाने बांधलेल्या स्लॅबखालील गटार सदर कर्मचारी साफ करीत नाही."

दोनदा वाचली. मग मुकादमाच्या डोक्यावरच्या बोर्डाकडं बघितलं. पदपथावर व गटारीवर पक्के बांधकाम करू नये. गटारीवर उचलता येणारी जाळी ठेवावी. हा बोर्ड दर शनवारी मी पुसते. इतकी वर्षं पुसते. एक दिस वाचला न्हाई, कारन वाचनं माझं काम न्हाई असं मीच धरून बसले हुते. डोकं सनकलं. सरांवर कमी, माझ्यावर जास्त.

"अंगठा दे," मुकादम म्हनला.

"सही करीन. पन खुलासा मी लिहिनार."

"तुला लिव्हता येतं?"

"येतं."

मुकादम शेतकऱ्याघरचा, मनानं वाईट न्हाई. हळूच म्हनला, "अगं बये, हेडमास्तर हायेत ते. लई वरपर्यंत वळख हाय. तुझं नाव गाळत्याल. दोन पोरी शाळंत हायेत, जरा ध्यानात घे."

ध्यानात कसं नसंल? नवरा टेम्पोवर हमाल, आज काम तर उद्या न्हाई. घर माझ्या खराट्यावर चालतं. पहिलं अक्षर चुकलं, खोडलं. तरी लिहिलं. स्लॅब नियमाबाहेर आहे. तक्रारदारांनी तो स्वतः बांधल्याचे लिहिले आहे. तो काढावा, मी फावड्याने गटार साफ करीन. झोपून, हात घालून करणार नाही. माझी चूक झालेली नाही.

आवकचा शिक्का पडेपर्यंत उठले न्हाई.

दुसऱ्या दिवशी सरांनी भर रस्त्यात गाठलं. "तू मला नियम शिकवतेस? आयुष्यभर शिकवलंय मी या गावाला!"

मी म्हनलं, "तुमच्याच अक्षरात हाय, सर."

आता तुमाला वाटंल स्लॅब पडला. न्हाई पडला. नगरपालिकेचे साहेब आले, टेप लावून मोजलं, व्हरांड्यात च्या पिऊन गेले. मला तिथनं उचलून मटन मार्केटच्या गटारीवर टाकलं. मुकादम माझ्याशी बोलंनासा झाला. कामावरच्या बाया मात्र एकेक करून यायला लागल्या, पदराखाली नोटीस धरून. मी खुलासे लिहून देते. माफी लिहीत न्हाई.

गेल्या शुक्रवारी ठेकेदार स्वतः आला. म्हनला, "सोमवारपासनं येऊ नको."

मी कोरा कागद त्याच्या पुढं धरला. "का काढलं ते लिहा. खाली सही करा."

त्यानं कागदाला हात लावला न्हाई. गाडीत बसून निघून गेला.

सोमवारी मी कामावर गेले. हजेरीत नाव नव्हतं, तरी गटार काढली. मंगळवारीबी गेले. उद्याबी जानार हाय. ठेकेदार काढल्याचं कारन लिहून सही करत न्हाई तवर मी कामावर हाय.