जंजिरा, लक्ष्मीच्या बाजूने

अलिबागेत राहायचं म्हणजे पाहुणे आले की त्यांना जंजिरा दाखवायचा, हे आमच्या घरचं ठरलेलं काम. त्यामुळे मला त्याचं अप्रूप उरलंय असं वाटत नव्हतं. या वेळी मात्र मीच हट्ट धरला, तो लक्ष्मीसाठी.

लक्ष्मी आमच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारी नर्स. गाव कर्नाटकातल्या यल्लापूरकडच्या रानातलं, समाज सिद्दी. पूर्वज कधीकाळी आफ्रिकेतून आलेले. तिच्या वडिलांनी लहानपणापासून एवढंच ऐकलेलं, की आपली माणसं गुलाम म्हणून आणली आणि ती पळून रानात शिरली. सिद्दींचं राज्य होतं, भर समुद्रात किल्ला होता, हे लक्ष्मीने सांगितलं तरी त्यांना पटेचना. "आप्पा म्हणतात, तू डोळ्यांनी बघून ये, मग सांग," ती म्हणाली. ते अंथरुणाला खिळलेले, प्रवास झेपणारा नाही. म्हटलं, चल, निघूच!

रेवदंड्याचा पूल ओलांडून काशीदमार्गे मुरूड. एसटीही जाते, पण स्कूटरवरून समुद्र बराच वेळ उजव्या हाताला सोबत करतो. रस्ता मधेमधे खड्ड्यांचा आहे, कंबर सांभाळा. मुरूडला घावनं आणि चहा घेऊन राजपुरीच्या धक्क्यावर पोचलो. पाण्याची बाटली, टोपी बरोबर असू द्या. पावसाळ्यात होड्या बंद असतात, तेव्हा उगाच हेलपाटा घालू नका.

शिडाची होडी निघाली. लांबून किल्ला म्हणजे पाण्यातून उठलेली नुसती काळी भिंत.

"चाचा, दरवाजा कुठाय?" लक्ष्मीने सुकाणू धरलेल्या म्हाताऱ्यांना विचारलं.

"जवल गेल्याबिगर दिसायचा न्हाय. तीच तर गंमत हाय."

आणि खरंच, होडी अगदी तटाला भिडायच्या बेतात आली तेव्हा दरवाजा एकदम समोर उभा राहिला. इतक्यांदा पाहूनही माझ्या अंगावर काटा आला. दरवाजाशेजारी दगडात कोरलेला वाघासारखा प्राणी आहे, पंजात हत्ती पकडलेला. लक्ष्मी मान वर करून बघतच राहिली. मागचे लोक "मॅडम, चला ना पुढे" म्हणेपर्यंत.

आत गाइडने नेहमीचं सुरू केलं. अजस्र तोफा, चारी बाजूंना खारं पाणी असताना मधोमध गोड्या पाण्याचं तळं. मग तो बुरुजावर थांबला. "किती जनांनी जोर लावला, पन किल्ला कुनालाच जिंकता आला न्हाय."

या वाक्याला आपण मराठी माणसं हळहळतो. त्या दिवशीही सगळे चुकचुकले, सवयीने मीसुद्धा. आणि लक्ष्मीने टाळ्या वाजवल्या. एकटीने, जोरजोरात.

पुढचे एक काका वळून रोखून बघायला लागले. गाइडने तिच्याकडे नीट पाहिलं.

"ताई, तुमी सिद्दी काय?"

"हो."

"मंग वाजवा की! तुमच्यांनीच राखलेला हाय."

काका जरा घुटमळले. मग म्हणाले, "आपल्याला सलतो, ते सोडा. पण राखला मात्र जबरदस्त!" आणि त्यांनीही दोन टाळ्या वाजवल्या. मी आजवर हा किल्ला चाल करून येणाऱ्याच्या बाजूनेच पाहत आले होते. त्या दिवशी राखणाऱ्याच्या जागी उभी राहून खालचा समुद्र पाहिला, आणि थक्क झाले.

परतताना खोकरीचे घुमट चुकवू नका. राजपुरीपासून जवळ आहेत, तरी फारसं कुणी फिरकत नाही. सिद्दी राज्यकर्त्यांच्या या कबरी. दगडात कोरलेली जाळी, तिच्यातून आत सांडलेलं ऊन. लक्ष्मी जाळीवर हात ठेवून उभी होती. "ताई, इतकं नाजूक काम आमच्या माणसांसाठी?" तिचे डोळे भरून आले, माझेही.

घरी येऊन तिने आप्पांना फोन लावला, आधी पाठवलेले फोटो एकेक करून समजावले. मग आप्पा त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाले.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"विचारतायत, राजे कोण होते ते असू दे. भर समुद्रात एवढाले दगड वाहिले कुणी?"

आम्ही काही म्हणायच्या आत आप्पाच पुन्हा बोलले. लक्ष्मीने फोन कानाशी धरूनच ते मला सांगितलं.

"म्हणाले, गुलामांनीच वाहिले असतील. म्हणजे किल्ला आपलाच."