दुसरा हिरवा ठिपका

आमच्या मंडळींत काम कमी होतं आणि किस्से जास्त. मंडळी म्हणजे आम्ही पाचजण. जुन्या, दमलेल्या कॉम्प्युटरांवर चालेल अशी लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची एक फुकट आवृत्ती काढतो आणि दर रविवारी शुक्रवार पेठेत मल्लिनाथअण्णांच्या झेरॉक्सच्या दुकानामागे जमतो. माझं रिपेअरिंगचं दुकान आहे. चांगली मशीनं भंगारात जाताना बघवत नाहीत, म्हणून यात पडलो आणि फसलो.

* * *

एकमेकांना मेसेज पाठवायला आमच्या लिनक्समध्ये जो प्रोग्रॅम होता, तो उघडला की जुनं मशीन गपगार. त्याच्या जागी मी बनवलेला एक हलका प्रोग्रॅम घालावा, असा मी चार पानी प्रस्ताव पाठवला. आठवडाभर उत्तर नाही. रविवारी अण्णांना विचारलं.

"लई भारी लिहिलायस," अण्णा म्हणाले. "वाचायचं ऱ्हायलंय तेवढं."

* * *

जुना प्रोग्रॅम आमची श्रीलता सांभाळायची. तिच्यासमोर तो जुन्या मशीनवर उघडायला लावला. आम्ही बाहेर जाऊन चहा पिऊन आलो, तरी उघडतच होता.

"बघ आता," मी म्हणालो.

"उघडतोय की," ती शांतपणे म्हणाली. "नाही कुठं म्हणतोय?"

* * *

मग तीन रविवार चर्चा झाली. नव्या प्रोग्रॅमचं चिन्ह निळं हवं की हिरवं! प्रोग्रॅम चालतो का, हे एकानंही विचारलं नाही. शेवटी मीच सांगितलं, की चालतो.

"ते नंतर बघू," अण्णा म्हणाले. "आधी रंगाचं मिटू दे."

* * *

नवा प्रोग्रॅम वळसंगकडच्या एका शाळेत नेऊन लावला. दोन सेकंदांत उघडला. मुख्याध्यापकांचा चेहरा पडला.

"एवढ्यात कसं उघडलं? आत कायतरी घालायचं ऱ्हायलंय बघा."

मी सगळं काढून परत घातलं. परत दोन सेकंद. सरांचा विश्वास काही बसला नाही.

* * *

शेवटी मंजुरी मिळाली, पण अटीवर. "धा जण तरी वापरत असलं तर ठेवू," अण्णा म्हणाले, "न्हायतर फुडच्या आवृत्तीत काढून टाकू." माझं आठ महिन्यांचं काम होतं ते.

जो ऑनलाइन असेल त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका दिसतो. पाच आठवडे ठिपका एकच होता, माझा. आमच्या मंडळींपैकीसुद्धा कुणी आलं नाही. श्रीलताला विचारलं तर म्हणाली, "मोबाईल आहे की." खरं सांगतो, त्या दिवशी दुकानात बसून रडू आलं.

मग एका दुपारी दुसरा ठिपका लागला. नाव होतं गावाचं, 'मोडनिंब'. समोरच्या गिऱ्हाईकाला थांबवून मी घाईघाईनं लिहिलं, "नमस्कार. काही मदत हवी का?"

उत्तर त्याच क्षणी आलं. "व्हय. हे काढायचं कसं?"

मी टप्प्याटप्प्यानं नीट लिहून पाठवलं.

"थांबा, करून बघतो," त्यानं लिहिलं, आणि ठिपका गेला.