वाकून नमस्कार

माझ्या मुलीची पाठ वाकडी आहे, हे मला पहिल्यांदा नमस्काराच्या रांगेत दिसलं. दिवाळीच्या पाडव्याला आम्ही इच्छापूरला मोठ्या दिरांच्या घरी जमतो. सतरंजीवर वडीलधारी माणसं ओळीने बसतात आणि लेकरं एका टोकापासून वाकत वाकत पुढे जातात. ती तेव्हा अकरा वर्षांची होती. मी फराळाचं ताट घेऊन तिच्या मागेच उभी होते. ती वाकली आणि नव्या फ्रॉकखाली पाठीची उजवी बाजू डावीपेक्षा वर आली. ताट मी तिथेच खाली ठेवलं.

ओळीतल्या प्रत्येकाला ते दिसलं असणार. सगळ्यांनी तोंडभरून आशीर्वाद दिले, पण ब्र कुणी काढला नाही. फक्त मोठ्या जाऊबाईंनी मला स्वयंपाकघरात ओढलं.

"पोरीची जात आहे बाई. झाकून ठेव. आत्तापासून बोभाटा नको."

आणि मी झाकलं. मी शिवणकाम करते. बुऱ्हाणपूरला राजपुऱ्यात आमच्या अर्ध्या गल्लीची ब्लाउजं माझ्याकडे येतात. कुणाचा खांदा उतरलेला, कुणाचं पोट सुटलेलं, ते कापडात कसं जिरवायचं हे मला बरोबर कळतं. तिच्या शाळेच्या कुर्त्याची उजवी पाठ मी वेगळी बेतायची, डाव्या खांद्याला आतून कापडाची घडी द्यायची. अंगात घातल्यावर पोरगी सरळ दिसायची. मला त्याचा अभिमान वाटायचा. आज हे लिहिताना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

पण वाकलं की कुर्ताही काही लपवू शकायचा नाही. म्हणून मी तिचा नमस्कारच बंद केला. "दुरून हात जोड, आजकाल चालतं," म्हणाले. का, असं तिने एकदाच विचारलं. मी खेकसले, "सांगितलं तेवढं कर." मग नातेवाईक म्हणायला लागले, पोरीला शिक्षणाचा माज आलाय, मोठ्यांपुढे वाकत नाही. मी ऐकून घ्यायची, ती पण ऐकून घ्यायची. घरी मात्र मी दिवसभर तिच्या मागे लागलेली, ताठ बस, ताठ चाल. जणू ती मुद्दामच करत होती.

अशी तीन वर्षं गेली. मागच्या उन्हाळ्यात ती भराभर उंच झाली आणि माझी कात्री हरली. कशीही कापली तरी पाठ दिसायला लागली. तिच्या पप्पांनी पेपर मिलमधून सुट्टी काढली आणि आम्ही तिला इंदूरला नेलं. "नुसती तपासणी आहे," मी बसमध्ये तिला म्हणाले.

डॉक्टर मॅडमनी एक्स-रे काढला, तिला बाहेर बसवलं. एक्स-रेसाठी तिला दवाखान्याचा गाऊन घातला होता, कुर्ता खुर्चीवरच पडला होता. मॅडमनी तो उलटा करून आतली घडी बघितली.

"किसने सिला?"

"मी."

"बहुत अच्छा सिला है," एवढंच म्हणाल्या. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

मग त्यांनी समजावलं. ही पाठ कुणाच्या चुकीने वाकत नाही, दप्तराने नाही, बसण्याने नाही. माझ्या जिवात जीव आला, आणि मी मूर्खासारखं विचारलं, आधी आणली असती तर?  लहान होती तेव्हा पाठीला पट्टा बांधून बघता आला असता, म्हणाल्या. शायद फर्क पडता, शायद नहीं. आता बाक फार वाढलाय, ऑपरेशनशिवाय थांबणार नाही. पण तारीख लगेच देणार नाही. "पहले बेटी को सब बताइए. वो खुद हाँ बोले, तब आइए."

त्यांनी ऑपरेशनच्या चित्रांचा एक कागद दिला आणि श्वास ओढून तीन छोटे चेंडू वर उचलायचं यंत्र दिलं, फुप्फुसांना सवय लागावी म्हणून. यंत्र मी तिला दिलं, "छातीचा व्यायाम आहे" म्हणून. कागद शिलाई मशीनच्या खणात दडवला. रोज ठरवायची, आज सांगेन. तिला बघितलं की दुसऱ्याच कामाला लागायची. ड्युटीवरून आल्यावर तिचे पप्पा विचारायचे, "सांगितलं?" मी म्हणायची, "तुम्ही सांगा ना." ते म्हणायचे, "तू आई आहेस." आई आहे म्हणून सगळं माझ्याच गळ्यात!

एका दुपारी ती खणात सुई शोधत होती. मी कापड बेतत होते. मागे वळून बघते तर कागद तिच्या हातात.

"मम्मी, ये मेरा है ना?"

मी कात्री खाली ठेवली.

"मी मरणार आहे का?"

"वेडी आहेस का? कोण म्हणालं असं?"

"कोणीच काही नाही बोललं, म्हणून तर. तू माझा नमस्कार बंद केला ना, तेव्हापासून मला वाटतं की काहीतरी बहुत बुरं आहे. इतकं, की घरात कोणी बोलूच नाही शकत."

अकरा वर्षांच्या लेकराने तीन वर्षं हे एकटीने पोटात ठेवलं होतं, आणि मी तिला कुर्ते शिवून देत होते.

मी खाली बसले आणि सगळं सांगितलं. पाडव्यापासून सांगितलं. जाऊबाई, खांद्याची घडी, पट्ट्याचं, काही लपवलं नाही. मग ऑपरेशन सांगितलं. पाठीत स्क्रू बसवतील, दोन सळ्या बसवतील, तेवढा भाग कायमचा जुळून जाईल.

"मग पाठ वाकणार नाही?"

"तेवढी नाही. कमरेतून वाकशील, गुडघ्यातून वाकशील."

"दुखेल?"

"खूप. पहिले काही दिवस फार दुखेल. औषधं देतील, तरी दुखेल."

"आणि पाय गेले तर?"

हे मी मॅडमना विचारलं होतं. ऑपरेशन चालू असताना तारा लावून पायांवर लक्ष ठेवतात, धोका कमी आहे. पण अजिबात नाही असं त्या म्हणाल्या नव्हत्या. मी तेही सांगितलं.

"मला नाही करायचं," ती म्हणाली आणि उठून गेली.

चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. ताट वाढलं की उचलून दुसऱ्या खोलीत न्यायची. बाक वाढतोय, दिवस चाललेत, आणि जिच्या हो म्हणण्यावर सगळं अडलंय ती माझं तोंड बघत नाही. मी देवीपुढे डोकं आपटून आले. कुणाकडे काय मागायचं तेही कळत नव्हतं.

पाचव्या दिवशी तिने तो कागद लाकडी तखतावर पसरला आणि स्वतः आडवी झाली. "पकड. प्रॅक्टिस करायची आहे."

ऑपरेशननंतर कूस बदलताना खांदा आणि कंबर एकदमच वळली पाहिजे, पाठीला पीळ पडता कामा नये. रोज दहा वेळा मी तिला अशी वळवायची. मग शेवटी पाय. ऑपरेशननंतर जाग आल्यावर पहिलं पायांची बोटं हलवायलाच सांगतात, असं कागदावर लिहिलं होतं.

"तू बोल," ती डोळे मिटून म्हणायची.

"बोटं हलव."

ती हलवायची. माझा आवाज दर वेळी फाटायचा.

"मम्मी, रोना नहीं. तिथे पण रडशील का?"

हे मी इंदूरला, ऑपरेशन थिएटरच्या बाहेर बाकावर बसून मापांच्या वहीत लिहिते आहे. सकाळी तिला आत नेलं. अजून कुणी बाहेर आलेलं नाही. तिचे पप्पा समोर उभे आहेत, बस म्हटलं तरी बसत नाहीत.

परवा आम्ही घरून निघालो. रिक्षा गल्लीच्या तोंडाशी आली होती. तिने बाजारातला ढगळ टी-शर्ट घातला होता, मी शिवलेलं काही नाही. मला खुर्चीवर बसवलं आणि समोर उभी राहिली.

"आज पूर्ण वाकून करते. नंतर अशी नाही वाकता येणार."

ती वाकली. माझा हात सवयीने तिच्या डोक्याकडे गेला.

"तिथे नाही," ती खालूनच म्हणाली. "पाठीवर ठेव."

टेपने मी ती पाठ शंभर वेळा मोजली होती. तळहात कधी ठेवला नव्हता. पातळ कापडाखाली तो उंचवटा गरम लागला.

"कशी आहे?"

"वाकडी आहे."

"हां," ती म्हणाली, आणि तशीच वाकून राहिली.

आशीर्वाद द्यायला मी तोंड उघडलं. इतक्या वर्षांत इतक्या जणांनी दिलेला एकही आठवेना. तोंडून एवढंच निघालं, "बोटं हलव."

माझ्या पावलांसमोर तिने आपल्या पायांची बोटं हलवली.