सोयीची माती

श्रीवर्धनमध्ये देवव्रत करमरकर सरांना खताबद्दल काही विचारायचं, तर माणसाने आधी घरी सांगून निघावं, यायला उशीर होईल म्हणून. उभी हयात शाळेत रसायनशास्त्र शिकवून सर निवृत्त झाले आणि शाळेतून सुटलेलं रसायनशास्त्र घरामागच्या वाडीत शिरलं. सुपाऱ्यांच्या पलीकडे थोडी उन्हाची जागा होती. तिथे त्यांनी भाजीचे वाफे घातले आणि त्या वाफ्यांना असं काही खाऊ घातलं, की त्या घरात जावयाचीही कधी एवढी बडदास्त ठेवली गेली नव्हती. हाडांचा चुरा, सुपर फॉस्फेट, डीएपी, शिवाय सुक्या मासळीची कुटी. कुटीच्या वासाने अनुसूयाबाई मागचं दार लावूनच स्वयंपाक करत.

गावात परसबाग मंडळ निघालं तेव्हा अध्यक्ष कोण, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. सर आधीच खुर्चीत बसले होते. यंदा भातं कापून झाल्यावर त्यांनी फर्मान काढलं, की माती तपासल्याशिवाय कुणी खताच्या पिशवीला हात लावायचा नाही. "माती बोलत असते. आपण बहिरे," असं ते प्रत्येक बैठकीत म्हणायचे. स्वतःचा नमुना त्यांनी अगदी शास्त्रशुद्ध काढला. वाफ्यांत ठिकठिकाणी खड्डे घेतले, माती सावलीत वाळवली, मिसळली आणि अलिबागच्या प्रयोगशाळेत पाठवून दिली.

माती बोलली. स्फुरद अत्यंत जास्त, पालाश जास्त, क्षार वाढत चाललेले. दोन हंगाम कोणतंही रासायनिक खत घालू नये.

सरांनी अहवाल मोबाइलवर दोनदा वाचला आणि चष्मा पुसून पुन्हा वाचला.

"म्हणजे काहीच घालायचं नाही ना?" अनुसूयाबाई म्हणाल्या. "बरं झालं. तो वास तरी जाईल."

"काही घालू नका, हा काय सल्ला झाला? उद्या डॉक्टरकडे गेलो आणि तो म्हणाला, तुम्हाला औषधाची गरज नाही, घरी जाऊन जेवा. तर तो कसला डॉक्टर?"

"चांगला डॉक्टर," अनुसूयाबाई म्हणाल्या आणि नारळ खवायला बसल्या.

सरांना मात्र जेवण गेलं नाही. विद्यार्थ्यांना नापास करण्यात जन्म गेलेल्या माणसाचा पहिल्यांदाच कुणीतरी निकाल लावला होता, आणि तोही अति हुशारीबद्दल. दोन दिवसांनी त्यांना सुचलं, की नमुनाच चुकला. वाफ्यातली माती ही खत घातलेली माती, तिच्यावरून मूळ जमिनीचा अंदाज कसा येणार? मग त्यांनी वाडीच्या टोकाला, दगड रचून केलेल्या कुंपणाच्या, गडग्याच्या कडेला, जिथे घाणेरीखेरीज काही उगवलं नव्हतं, तिथली माती काढून पाठवली. तिच्यात कशाचाच पत्ता नव्हता. नत्र कमी, स्फुरद कमी, पालाश कमी. शिफारशीची यादी लांबलचक आली. सरांचा चेहरा असा उजळला, की शेजारच्यांना वाटलं, मुलीकडे काही गोड बातमी आहे.

खतं आली. वांग्याच्या रोपांना शिफारशीबरहुकूम घातली गेली. गडग्यापलीकडून फकरुद्दीनभाई हे सगळं पाहत होते. कुवेतला क्रेन चालवून आता घरी परतलेला हा गृहस्थ आपल्याला शेतीतलं काही कळत नाही हे उघड सांगायचा. मंडळात असा तो एकटाच.

"सर, माझ्या वांग्यांना काय घालू?"

"मी घालतो तेच. तंतोतंत."

"तुमी म्हणाल तसा," फकरुद्दीनभाई म्हणाले, आणि खरोखरच तंतोतंत घातलं.

अडीच महिन्यांत गडग्यापलीकडची वांगी फांद्या मोडतील अशी लगडली. अलीकडे सरांच्या रोपांच्या पानांच्या कडा करपल्या आणि नवी पालवी पिवळी पडली. सरांनी बियाण्याला दोष दिला, मग खाऱ्या वाऱ्याला, मग विहिरीच्या पाण्याला. तेवढ्यात फकरुद्दीनभाई टोपली भरून वांगी द्यायला आले.

"सर, तुमचे उपकार हायेत. तुमी माती काढली तो कोपरा माझ्या गडग्याला लागूनच. तिथं तुमी कधी कायच घातला न्हाय. तपासणी माझ्याच जमिनीची झाली म्हणा ना."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, आणि तेच सरांना जास्त लागलं. काही झालं तरी ते रसायनशास्त्राचे मास्तर होते, उत्तर त्यांना केव्हाच कळलं होतं. चहा पिता पिता त्यांनी ठरवलं, की रविवारच्या बैठकीत मंडळाला सगळं खरं सांगून टाकायचं.

रविवारी फकरुद्दीनभाईंनी वांगी सगळ्यांपुढे मांडली आणि म्हणाले, "ही सरांच्या माती परीक्षणाची करामत." टाळ्या पडल्या. सर खरं सांगायला उठले. टाळ्या थांबेनात. थांबल्या तेव्हा सर नमुना कसा घ्यावा यावर बोलू लागले होते, आणि लोक जांभया देईपर्यंत बोलले.

"एक लक्षात ठेवा," त्यांनी बोट उगारून बजावलं, "नमुना बांधाच्या कडेचा कधीही घ्यायचा नाही. आळशी माणसंच तसं करतात."

"सर, तुमची वांगी बघायला कधी येऊ?" मंडळातल्या नलूताईंनी विचारलं.

"माझी जमीन मी विश्रांतीला ठेवली आहे. दोन हंगाम," सर म्हणाले. "अहवालात स्पष्ट तसं आहे. विज्ञान पाळायचं तर पुरतं पाळावं."

घरी आल्यावर त्यांनी रोपं उपटली. पुढे त्या मोकळ्या वाफ्यांत लाल माठ आपोआप उगवला आणि गुडघ्याएवढा झाला. सर लोकांना तो प्रयोग म्हणून दाखवतात. अनुसूयाबाई एक दिवसाआड त्याची भाजी करतात.